तेल कशाचं आणि वास कशाचा?

दिवाळी आटोपली की इंदूरची हवा आठवडाभरात कोरडी पडते. नडगीवर नखाने रेघ ओढली तर पांढरी उमटते, आणि अंगाला लावायचं काय हा प्रश्न घरोघरी निघतो. यंदा भाचीने तीन फोटो पाठवले. एक सियागंजातून आणलेलं घाणीचं तिळाचं तेल, दुसरं लॅव्हेंडर आणि संत्र्याच्या 'नैसर्गिक सुगंधा'चं बॉडी ऑइल, तिसरं मेडिकलमधलं बिनवासाचं क्रीम. "मावशी, यातलं एकच सांग."

एकच सांगायचं तर क्रीम. पण ती एवढ्यावर ऐकणारी नाही, म्हणून हे सविस्तर.

आधी एक घोळ सोडवू. तिळाचं तेल आणि लॅव्हेंडरचं तेल या दोन्हींना आपण 'तेल'च म्हणतो, पण नात्याने त्या लांबच्याही बहिणी नाहीत. तीळ, करडई, बदाम, खोबरं यांचं तेल म्हणजे स्निग्ध पदार्थ. ते उडत नाही, कातडीवर बसतं आणि आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. लॅव्हेंडर, निलगिरी, गवती चहा यांचं तेल म्हणजे वाफेवर काढलेला अर्क. संत्र्याचं बहुधा सालं दाबून काढतात. हे अर्क उडून जातात, आणि स्निग्धता त्यांच्यात नसतेच. कागदावर दोन्हींचा एकेक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी तिळाचा डाग तसाच असेल, लॅव्हेंडरचा बहुतेक गेलेला असेल. म्हणजे त्या बॉडी ऑइलमध्ये काम करणारं तेल वेगळं आणि वासाचं वेगळं. बाटलीवर चित्र मात्र वासाचं!

लेबलवर हे ओळखायला एक सोपी खूण आहे. लॅटिन नावापुढे 'सीड ऑइल' किंवा 'कर्नेल ऑइल' असेल तर ते बहुधा स्निग्ध तेल. 'फ्लॉवर', 'पील' किंवा 'लीफ ऑइल' असेल तर बहुधा सुगंधी अर्क. अपवाद आहेत (गाजराच्या बियांचं तेल सुगंधीच असतं), पण दुकानात उभ्या उभ्या एवढं पुरतं. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, त्याखालचे कसेही. म्हणून 'बदामयुक्त' तेलात बदाम यादीच्या तळाशी सापडला, तर तो बदाम नावापुरता.

आता स्निग्ध तेलांतही डावं-उजवं आहे. प्रत्येक तेल वेगवेगळ्या स्निग्धाम्लांचं बनलेलं असतं. करडई आणि साध्या सूर्यफुलाच्या तेलात त्यातलं लिनोलेइक आम्ल भरपूर. त्वचेच्या बाहेरच्या थराला लागतं ते हेच. ऑलिव्ह आणि बदामात ओलेइक आम्ल जास्त. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही प्रौढांच्या हातांना रोज तेल लावून पाहिलं, तेव्हा ऑलिव्हने तो थर कमजोर झाला, सूर्यफुलाने टिकून राहिला. आपण मात्र महागडं म्हणून बाळालाही ऑलिव्ह चोळतो. तीळ मधला, दोन्ही आम्लं जवळपास सारखी आणि तेल लवकर खवटही होत नाही, पण तिळाची ॲलर्जी असेल त्याने लांबच राहावं. खोबरेल कोरड्या अंगाला चांगलं, फक्त साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे इथे जानेवारीत बाटली उन्हात ठेवून मगच आंघोळीला जायचं. मोहरीचं तेल झोंबतं. ती 'ऊब' म्हणजे खरं तर चुरचुर असते, तान्ह्याच्या अंगाला मी ते लावू देत नाही.

वासाची गोष्ट जरा नाजूक आहे, आणि इथे मी स्वतः पोळले आहे. एक 'शंभर टक्के नैसर्गिक' नाइट क्रीम दोन वर्षं सुखाने लावलं. तिसऱ्या हिवाळ्यात पापण्यांवर आणि मानेवर लाल चट्टे आले. क्रीम तेच, मीही तीच, म्हणून माझा कितीतरी दिवस त्याच्यावर संशयच गेला नाही. पण ॲलर्जी अशीच येते, वापरता वापरता. लॅव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हे वास देणारे घटक. ते ताजं असताना फारसं छळत नाही. हवा लागून त्यांचं ऑक्सिडीकरण झालं की त्यातून ॲलर्जी आणणारे पदार्थ तयार होतात. उघडलेली बाटली आपल्या मे महिन्यात खिडकीत ठेवली तर काय होईल, विचार करा. आणि लिनालूल फुलातून आलं काय नि कारखान्यातून आलं काय, रेणू एकच. कातडी जन्मदाखला विचारत नाही.

मग दिवाळीचं उटणं? त्यातही वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी, गुलाबपाकळी असतेच की. असते, पण ते दहा मिनिटांत धुऊन जातं. युरोपियन युनियनच्या नियमातही हाच फरक आहे. तिथे ठरावीक सुगंधी घटक अंगावर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्क्याहून जास्त असले तर लेबलवर नावानिशी लिहावे लागतात. धुऊन टाकायच्या वस्तूत ही मर्यादा ०.०१, म्हणजे दहापट सैल. हे घटक आधी २६ होते, २०२३ च्या दुरुस्तीने ऐंशीच्या वर गेले. त्यामुळे माझा हिशेब असा: वासाची हौस साबण-उटण्यात भागवावी, रात्रभर राहणारं मात्र बिनवासाचं घ्यावं. 'अनसेंटेड' शब्दाला भुलू नका, त्यात मूळचा वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो. 'फ्रॅग्रन्स फ्री' शोधा आणि यादीत 'परफ्यूम' नाही ना ते पाहा.

क्रीमबद्दल भाचीची तक्रार होती की त्यात लिक्विड पॅराफिन आहे, "म्हणजे पेट्रोलच ना!" उगम तोच, पण शुद्ध केलेलं पॅराफिन क्वचितच कुणाला त्रास देतं. शिवाय क्रीममध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं. तेल पाणी देत नाही, असलेलं अडवतं. म्हणून तिळाचंच लावायचं असेल तर आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. ज्यांना कधीच काही झालं नाही आणि खिशालाही परवडायला हवं, त्यांनी तेच घ्यावं. एक्झिमा असेल, मूल लहान असेल, तर क्रीम. सुगंधी बॉडी ऑइल फक्त त्यांनी, ज्यांना तो वास खरोखर हवाय, आणि तेही चेहरा सोडून.

काहीही घेतलं तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, आठ-दहा दिवस लावून बघा. ॲलर्जी उठायला दोन-तीन दिवसही लागतात, म्हणून एका रात्रीत निकाल लावू नका. भाचीची चाचणी सोमवारी सुरू झाली. अंगभर चोपडून झाल्यावर तिला ती आठवली, हा भाग वेगळा.