एलएफपी की एनएमसी? रेंजच्या आधी चार्जिंगची सवय बघा

इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा रेंज विचारतो. मी त्याला उलट विचारतो: गाडी रोज रात्री निवांत चार्जिंगला लागणार आहे का? कारण लिथियम-आयर्न-फॉस्फेट (एलएफपी) आणि निकेल-मँगनीज-कोबाल्ट (एनएमसी) या दोन प्रकारच्या बॅटऱ्यांतली निवड बरीचशी या उत्तरावर ठरते.

वजनाच्या हिशेबात एनएमसी पुढे आहे, यात वाद नाही. तिच्या एक किलो सेलमध्ये साधारण 220 ते 280 वॉट-तास ऊर्जा मावते, एलएफपीच्या सेलमध्ये 160 ते 200. एलएफपी तापमान जास्त सोसते, त्यामुळे तिचे सेल मोड्यूलशिवाय, म्हणजे मधल्या छोट्या पेट्यांशिवाय, थेट पॅकमध्ये दाटीने बसवता येतात आणि पूर्ण पॅक तोलला तर हा फरक थोडा कमी होतो. तरीही लांबचे प्रवास नेहमीचे असतील, तर एनएमसीचं पारडं जड.

सुरक्षिततेत मात्र मी एलएफपीच्या बाजूने आहे. फॉस्फेटमध्ये फॉस्फरस ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतो. एनएमसी फार तापली की तिच्या स्फटिकातून ऑक्सिजन सुटतो आणि आगीला आतूनच खतपाणी मिळतं. एलएफपी जळतच नाही असं नव्हे. बिघडलेल्या सेलमधून ज्वलनशील वायू तिच्यातही निघतात. पण तिथवर पोचायला तिला जास्त उष्णता लागते.

आयुष्याच्या आकड्यांनी लोक उगाच घाबरतात. एनएमसीची 1,500 चार्जिंग चक्रं (एक चक्र म्हणजे एकदा पूर्ण भरून रिकामी होणं) धरा आणि एका चक्राला 300 किलोमीटर धरा: साडेचार लाख किलोमीटर झाले! खाजगी गाडी सहसा इतकी पळत नाही. एनएमसीला झिजवतं ते 100 टक्के भरून दिवसेंदिवस, त्यातही उन्हात, उभं राहणं. म्हणून तिला रोज 80 टक्क्यांवर थांबवायचं आणि प्रवासाच्या आदल्या रात्री पूर्ण भरायचं. टॅक्सी किंवा मालवाहू गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एलएफपीची तीन हजार किंवा त्याहून जास्त चक्रं खरोखर कामाला येतात.

आता ‘स्मार्ट’ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या भागाकडे, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीमकडे. एनएमसी रिकामी होत जाते तसा तिचा व्होल्टेज उतरत जातो, त्यामुळे किती चार्ज उरला हे सिस्टीमला त्यावरून ओळखता येतं. एलएफपीचा व्होल्टेज 80 टक्क्यांपासून 20 टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट, सुमारे 3.3 व्होल्ट. मग सिस्टीम आत-बाहेर गेलेल्या विजेचा हिशेब ठेवते आणि त्यात रोजची बारीक चूक साठत जाते. ती चूक पुसायची तर अधूनमधून बॅटरी 100 टक्के भरावी लागते, कारण शेवटी व्होल्टेज चढतो तेव्हाच सिस्टीमला खात्रीचा टप्पा सापडतो. काही उत्पादक त्यासाठीच आठवड्यातून एकदा पूर्ण चार्ज करायला सांगतात. ज्याला रात्रभर गाडी लावून ठेवायची सोय नाही, कायम घाईत फास्ट चार्जरवर अर्धवट भरायची आहे, त्याला एलएफपीच्या पडद्यावरचे टक्के दगा देऊ शकतात. कडाक्याच्या थंडीत तर तिचं चार्जिंग आणखी मंदावतं. अशा हवामानात बॅटरी आधी गरम करण्याची सोय आहे का, हे विचारूनच घ्या.

रात्रीची सोय आहे, रोजची धाव ठरलेली आहे, तर मी डोळे मिटून एलएफपी घ्यायला सांगेन.

सॉलिड-स्टेटसाठी, म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या नव्या बॅटरीसाठी, आजची खरेदी थांबवू नका. लिथियमऐवजी सोडियम वापरणारी सोडियम-आयन बॅटरी थंडीत चांगली चालते, पण वजनाच्या मानाने ऊर्जा कमी साठवते.

फोनचा प्रश्न निराळा. तिथे निवड बॅटरीच्या ऋण टोकाच्या (अ‍ॅनोडच्या) पदार्थाची, ग्रॅफाइट आणि सिलिकॉन-कार्बन यांच्यात आहे. ग्रॅफाइट एका ग्रॅममध्ये 372 मिलिअँपिअर-तास साठवतो, सिलिकॉन त्याच्या नऊ-दहा पट. पण सिलिकॉन चार्ज होताना फुगून जवळजवळ चौपट होतो, म्हणून तो कार्बनमध्ये थोडाच मिसळतात. फोन दोन-तीन वर्षांत बदलणार असाल तर सिलिकॉन-कार्बनची जास्त क्षमता जरूर घ्या. पाच वर्षं वापरायचा असेल, तर किती चक्रांनंतर 80 टक्के क्षमता उरेल हे कंपनीने लिहून दिलेला फोनच निवडा.