ओट्यावरचा, ओट्यात बसवलेला की सुटा? डिशवॉशर निवडताना

डिशवॉशर घ्यायचा की नाही, हा प्रश्न ज्यांच्या घरी सुटलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्याकडची तेलकट, मसाल्याची भांडी निघतात का, ही शंका आता ठेवू नका. पाणी 65–70 अंशांचं असलं आणि पावडर बरी असली की मटणाच्या रश्श्याचं पातेलंही लख्ख निघतं. खरा घोळ दुकानात होतो, कारण तिथं तीन तऱ्हा समोर येतात: ओट्यावर ठेवायचा छोटा, ओट्याखाली फर्निचरमध्ये बसवलेला आणि सुटा उभा. आमच्याकडं सुटा आहे, त्यामुळं माझं माप थोडं तिकडं झुकणार हे आधीच सांगून ठेवतो. पण छोट्या मशीनमध्ये मी स्वतः रोज भांडी लावली आहेत, आणि बसवलेला एक अगदी जवळून बघितलाय.

छोटा आहे माझ्या धाकट्या बहिणीकडं, बेळगावात टिळकवाडीत. आमच्या घरी फरशीचं काम निघालं तेव्हा आम्ही सगळे तिच्याकडं मुक्कामाला होतो आणि रात्रीची भांडी लावायचं काम मी मागून घेतलं. आठ सेटिंगचं मशीन. दुकानदार सांगतात आठ सेटिंग म्हणजे आठ माणसं, पण ही मोजणी युरोपातल्या जेवणाची. तिकडची बशी सपाट, आपलं ताट काठाचं, शिवाय प्रत्येकाच्या दोन-तीन वाट्या. चार-पाच माणसांचं आपलं जेवण झालं की हे मशीन भरलंच समजा.

तेवढ्यावर मी कुरकुर केली नसती. ताटं, वाट्या, पेले, चहाचे कप असं सगळं आत जायचं आणि सुंदर निघायचं. पण सिंकपाशी उरायचं काय? कुकर, भरल्या वांग्याची कढई, भाताचं पातेलं आणि भाकरीचं पीठ वाळून चिकटलेली परात. म्हणजे ज्या भांड्यांपायी माणूस मशीन घ्यायला निघतो, नेमकी तीच बाहेर. ताट-वाटी विसळायला असा कितीसा वेळ लागतो? मनगट भरून येतं ते कढईनं. शेजारी मशीन चालू आणि मी मात्र तारेची घासणी घेऊन उभाच, असं रोज रात्री व्हायचं.

कढई आत बसवायचे सगळे प्रकार करून पाहिले. तिरपी घातली तर तिचा कान खाली जाळीतून डोकावायचा आणि पाणी उडवणारा पंखा त्याला अडायचा. टक्, टक्, टक् असा आवाज सुरू झाला की समजायचं, पंखा फिरत नाही आणि आता वरच्या वाट्यांना पाणी पोचणार नाही. कुकर घातला तर ताटांची निम्मी रांग बाहेर काढावी लागायची. मग दोनदा मशीन लावा, म्हणजे पाणी, पावडर, वीज सगळं दुप्पट. बहीण म्हणायची, “दादा, मोठी भांडी राहू दे रे. सकाळी मावशी येतात.” तिच्या घरी माणसं दोन, जड भांड्यांना मावशी आहेत, त्यामुळं तिला तो छोटा अगदी पुरतो आणि ती त्यावर खूश आहे. मला मात्र तिथंच पक्कं कळलं, की आमच्या घरात कढई आणि कुकर आत जात नसेल तर मशीन आणून उपयोग नाही.

छोट्याच्या आणखी दोन गोष्टी आधी मोजून बघाव्यात अशा. आठ सेटिंगचं मशीन साधारण दोन फूट उंच असतं, आणि ओटा व वरची कपाटं यांच्यात बहुतेक घरांत तेवढीच जागा असते. दुसरी गोष्ट पाण्याच्या दाबाची, ती सहसा कुणी सांगत नाही. टाकीचं पाणी दहा मीटर खाली आलं की साधारण एक बार दाब मिळतो. बऱ्याच मशीनना किमान 0.3 बार लागतो, म्हणजे टाकी तीन मीटर तरी वर हवी. आपल्या बैठ्या घरांत टाकी तिथंच स्लॅबवर असते. मशीन जमिनीवर असेल तर हिशेब कसाबसा जुळतो, ओट्यावर चढवलं की तीन फूट गेले. दुमजली घरात किंवा अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यांवर ही अडचण नाही.

आता बसवलेला. दिसायला हाच सगळ्यांत देखणा, यात वाद नाही. हिंडलग्याच्या एका मित्रानं नवीन घर बांधताना मॉड्युलर किचनमध्येच बसवून घेतला, कपाटाच्या दारासारखं दार लावून. आतली जागाही मोठीच, त्यामुळं माझी कढईची तक्रार इथं लागू होत नाही. पण त्याच्या मशीनचं पाणी बाहेर जायचं बंद झालं तेव्हा दुरुस्तीवाल्यानं येऊन सांगितलं, आधी सुतार बोलवा. पुढची फळी उतरवून मशीन बाहेर ओढल्याशिवाय त्याला हात घालता येईना. सुतार मोकळा तर दुरुस्तीवाला हुबळीत, तो इकडं आला तर सुतार गावी, असं बरेच दिवस चाललं. पुण्या-बेंगळुरात माणूस दुसऱ्या दिवशी येत असेल. निपाणी, खानापूर, बैलहोंगलला राहणाऱ्यानं हे धरूनच चालावं, की काही बिघडलं तर वाट बघावी लागेल आणि मशीन सहज हलवता आलं पाहिजे. नवीन स्वयंपाकघर करताय आणि दिसण्याला महत्त्व आहे, तर जरूर घ्या. फक्त फळी स्क्रूवर उघडेल अशी करून घ्या.

सुट्याबद्दल लोकांची पहिली तक्रार असते जागेची. साठ सेंटिमीटर रुंद, साधारण पंच्याऐंशी उंच. आपले जुने ओटे तीस-बत्तीस इंचांचे, त्यामुळं खाली ते जात नाही. वरचं झाकण काढून दोन-तीन सेंटिमीटर कमी होतात काही मॉडेलमध्ये, तरी जुन्या ओट्याला ते पुरत नाहीत. पण ते स्वयंपाकघरातच हवं असं कुणी सांगितलं? शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांना मागं पडवी असते, तिथं भांडी घासायची मोरी असते. नळ तिथं, सांडपाण्याची वाट तिथं. आमचं मशीन तिथंच उभं आहे. विजेचा सोळा अँपिअरचा पॉइंट तेवढा नवीन ओढून घेतला. पावसाळ्यात झड आत येते, म्हणून पडवीला बाजूनं पत्रा मारला, आणि उंदीर पाइप कुरतडतात म्हणून मशीनच्या मागच्या-खालच्या बाजूला बारीक जाळी लावली. एवढं केलं की झालं.

आतलं सांगायचं तर खालच्या जाळीचे दाते आडवे पडतात. रात्री मी ते पाडतो. एका बाजूला कढई पालथी, तिच्या शेजारी कुकर, मागं परात उभी, आणि वरच्या जाळीत वाट्या-पेले. वरची जाळी एक टप्पा उचलता येते, ही सोय दुकानात स्वतः हातानं करून बघा. जमलं तर घरची कढई आणि परात घेऊनच दुकानात जा. लाजू नका, मी नेली होती.

पंचेचाळीस सेंटिमीटरचं अरुंद मशीनही मिळतं. दोघा-तिघांच्या घराला ते छोट्यापेक्षा बरं वाटतं, पण मोठी परात त्यात अडेल असं मला वाटतं.

पाण्याविषयी मात्र कुठलंही मशीन घेतलं तरी नीट ऐका. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, ते बरं असतं. उन्हाळ्यात कॉर्पोरेशनचं पाणी लांबलं की आपण त्याच टाकीत बोअर सोडतो आणि पाणी एकदम जड होतं. पेल्यांवर पांढरा थर दिसायला लागतो आणि लोक मशीनला नावं ठेवतात. मशीनमध्ये पाणी मऊ करणारा भाग असतो, तो खास जाड मिठावर चालतो, आणि पाणी किती जड आहे ते मशीनला आकड्यानं सांगावं लागतं. बसवायला आलेला माणूस तो आकडा एकदा लावून जातो; मार्चमध्ये तो आपणच वाढवायचा आणि राकसकोप भरलं की खाली आणायचा. जेवणातलं आयोडीनचं मीठ त्यात अजिबात घालू नका. छोट्या, स्वस्त मशीनमध्ये मिठाची सोयच नाही असंही असतं, ते विचारून घ्या. खानापूरकडं मामाच्या विहिरीच्या पाण्यात साबणाचा फेस नुसता मावत नाही. तसं मऊ पाणी असेल तर मीठ महिनोन्‌महिने पुरतं.

पाणी एका वेळेला दहा-बारा लिटर लागतं, नळाखाली त्याहून जास्त जातं. वीज एका वेळेला एक-सव्वा युनिट धरा, म्हणजे रोज लावलं तर महिन्याला तीस-चाळीस युनिट. गृहज्योतीवर, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेवर असलेल्यांनी आधी मागची बिलं काढून बघावीत. 200 युनिटच्या वर गेलं की सगळं बिल भरावं लागतं. तुम्ही एकशे सत्तरच्या आसपास असाल तर मशीन एक दिवसाआड लावायचा विचार करा. मोठ्या मशीनला ते जमतं, छोट्याला नाही. पावसात हेस्कॉमची वीज गेली तर काळजी नको, बहुतेक मशीन थांबलं तिथून पुढं चालू होतं.

जर्मनची पातेली, पितळ-तांबं, बिडाचा तवा आणि लाकडी काटवट आत घालायची नाही. जर्मन काळं पडतं, बिडाला गंज चढतो. कुकरही स्टीलचाच, रिंग आणि शिट्टी काढून.

नवीन ओटा घालणार असाल आणि मशीन पुढच्या वर्षी घ्यायचं असेल, तर आत्ताच ओट्याखाली बासष्ट सेंटिमीटर रुंदीचा एक कप्पा रिकामा सोडा आणि ओट्याची खालची बाजू जमिनीपासून सत्त्याऐंशीवर ठेवा. विजेचा पॉइंट आणि पाण्याचा कॉक त्या कप्प्यात घालू नका, शेजारच्या खणात घ्या. मागं घातले तर मशीन ओढल्याशिवाय हात पोचत नाही.