चाकामागे बोटभर जागा असेल तर कुठली साखळी?

आपल्याकडे बर्फ बघायचा तर बंदरावर, मासळीच्या क्रेटमध्ये. त्यामुळे देवगडातून जिम्नी घेऊन जानेवारीत हिमाचलातल्या स्पितीला निघालेला माणूस बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायची साखळी घ्यायला दुकानात जातो, टायरचा आकडा सांगतो, पैसे मोजतो आणि मोकळा होतो. मीही तेच केलं होतं. नारकंड्याच्या पुढे पुढच्या उजव्या चाकाची साखळी सैल झाली, आतल्या बाजूला फटाफट आपटायला लागली, आणि उतरून बघेपर्यंत एबीएसची, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, वायर तुटलेली. साखळी टायरच्या मापाचीच होती. चाकामागे तिला फिरायला जागा नव्हती.

म्हणून आधी जागा मोजा. गणपतीची शाडू माती कोकणात कुणाच्याही पडवीत सापडेल. तिचा गोळा टायरच्या आतल्या बाजूला दाबून चिकटवा, चाक उचला आणि हाताने सावकाश फिरवा. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पुन्हा फिरवा. माती जिथे खरवडली जाते, तिथे उरलेली जाडी म्हणजे तुमची जागा. जॅक अ‍ॅक्सलखाली लावायचा. चेसिसखाली लावलात तर चाक खाली लोंबतं आणि माप खोटं येतं. गाडी टू-व्हीलवर, न्यूट्रलमध्ये हवी, आणि बाकीच्या चाकांना चिऱ्याचे तुकडे लावायला विसरू नका.

कमी जागेच्या गाड्यांसाठी अमेरिकेत ‘एस’ वर्ग ठरवलेला आहे: टायरच्या बाजूला किमान १५ मि.मी. आणि माथ्यावर ३७ मि.मी. मोकळं. पेटीवर वर्ग लिहिलेला नसेल, तर ती साखळी भरपूर जागेच्या गाडीसाठी आहे असं धरून चालावं.

सगळ्यात स्वस्त ती शिडीची साखळी. मनालीत भाड्यानेही बहुधा हीच मिळते. जाड कड्या, टायरवर आडव्या पायऱ्या. चिखलात उत्तम, पण दोन पायऱ्यांच्या मधे टायर उघडाच असतो, त्यामुळे उतारावर गाडी आडवी सरकायला लागली की फारसा आधार नाही. शिवाय ती सैल बसते आणि वेगात बाहेर फेकली जाते. जागा कमी असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.

चौकटीची, म्हणजे डायमंड साखळी टायरला जाळ्यासारखी लपेटते. कुठलं ना कुठलं लोखंड सतत रस्त्याला टेकलेलं, म्हणून ब्रेकला आणि वळणावर पकड सारखी राहते. ती ७, ९, १२ मि.मी. अशा जाडीत येते. हा आकडा कडीचा आहे. आतली कडी आणि हूक धरून जागा त्याहून जास्त लागते, तेव्हा ‘९ चालेल, माझ्याकडे १० आहे’ हा हिशोब करू नका. सातची लवकर झिजते, पण आपटत नाही.

वायरदोराची साखळी हलकी, पातळ, अडचणीच्या जागेत सहज बसणारी. गुळगुळीत बर्फावर तिचा दात कमी लागतो आणि तुटली की वाटेत जोडता येत नाही. साखळीची कडी निदान बदलता तरी येते.

साखळीऐवजी टायरला चढवायचे कापडी मोजे मला स्वतःला आवडतात. मागे काही आपटत नाही, गोणपाटासारखे चढवायचे, गंज नाही, घरी आणून धुवायचे. पण किन्नौर-स्पितीचा रस्ता म्हणजे सावलीतल्या वळणावर काचेसारखा बर्फ आणि पुढच्याच वळणावर उन्हात कोरडं डांबर. डांबरावर ते बघता बघता फाटतात. मनालीहून अटल बोगद्यापर्यंत जाऊन परतायचं असेल तर पुरतील.

बाहेरून चाकाच्या नटला अडकवायचा प्रकारही आहे. त्याचा कुठलाच भाग चाकामागे जात नाही, तिथल्या जागेचा प्रश्नच मिटतो. मात्र किंमत बघून पुढची ट्रिप रद्द होते. आणि ऑनलाइन दिसणारे प्लास्टिकचे पट्टे फार तर खड्ड्यातून गाडी काढण्यापुरते.

माझं मत विचाराल तर ७ किंवा ९ ची डायमंड, चारही चाकांना, आणि कंपनीचे मूळ टायर. खरी गोम टायरमध्येच आहे. चिखलासाठी म्हणून आपण १९५/८० काढून २१५/७५ बसवतो. रुंदी २० मि.मी. वाढली म्हणजे त्याच रिमवर आतल्या बाजूची साधारण १० मि.मी. जागा गेली. बोटभर होती ती अर्ध्या बोटावर आली. जुने टायर माळ्यावर पडले असतील तर या प्रवासापुरते उतरवा. चारांचं बजेट नसेल तर दोन कुठे लावायच्या ते गाडीच्या पुस्तकात बघा. फक्त पुढे लावल्या तर उतारावर मागची बाजू घसरते, फक्त मागे लावल्या तर स्टेअरिंग ऐकत नाही.

वाळूची सवय म्हणून हवा कमी करू नका. टायर दबला की साखळी सैल पडते. चढवल्यावर शंभरेक मीटर जाऊन पुन्हा ताणा, आणि काटा चाळिसापुढे नको. पहिला सराव घरच्या खळ्यातच करा, हातमोजे पाण्यात भिजवून.

परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, तेलाचा हात फिरवा. आपल्या खाऱ्या वाऱ्यात नुसती गोणीत टाकलेली साखळी पावसाळ्यानंतर उघडली तर कड्या एकमेकींना धरून बसलेल्या असतात. माझी दुसरी जोडी तशीच गेली.