ग्लो इंजिनाचे प्रशिक्षण विमान: टाकी किती वेळ पुरते?

०.४० घनइंची ग्लो इंजिनाचे (मिथेनॉलयुक्त इंधनावर चालणारे छोटे इंजिन), पंख वर बसवलेले हे रेडिओ-नियंत्रित विमान कोल्हापूर परिसरातील मोकळ्या माळावर शिकाऊ हातांना चांगलेच मानवते. सुमारे ३०० मिलिलिटरची टाकी थ्रॉटल मध्यावर ठेवल्यास बारा-पंधरा मिनिटे पुरते, पूर्ण थ्रॉटलवर मात्र हा अवधी झपाट्याने घटतो. त्यामुळे ट्रान्समीटरचा टायमर दहा मिनिटांवर लावून, उतरण्याचा पहिला प्रयत्न चुकल्यास पुन्हा फेरी मारता येईल एवढे इंधन राखावे. उभ्या उसाच्या फडात उतरलेले विमान शोधणे किती कठीण, हे इकडच्यांना सांगायला नको. नीडल व्हॉल्व्ह (इंजिनात जाणारे इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) आवळून इंधन-हवेचे मिश्रण विरळ केल्यास उड्डाण थोडे लांबते, परंतु वंगणाचे तेल इंधनातच मिसळलेले असल्याने ते कमी पोहोचून इंजिन तापते, आणि ही काटकसर महागात पडते.

उणीव एकच, पण मोठी: टाकीभोवती स्पंज दिलेला नाही. कंपनाने इंधनाला फेस येतो, बुडबुडे नळीत शिरतात आणि टाकी अर्धी भरलेली असतानाही इंजिन बंद पडते. स्पंज स्वतः बसवावा. इंधनातले मिथेनॉल ओलावा शोषते, म्हणून इथल्या पावसाळ्यात इंधनाचा डबा घट्ट बंद ठेवावा.