९९० वरून ६२० किलो: घरी बांधलेल्या किट कारचे १८ महिने

गाडी रस्त्यावर येऊन दीड वर्ष झालं. ४,१०० मैल झाले, त्यात सात ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायचे दिवस. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं, पहिल्या हिवाळ्यात बसलो असतो तर नुसत्या शिव्या. आता दोन्ही ओसरलंय.

मी कॉव्हेंट्रीजवळ राहतो. गॅरेज एका गाडीचं, आणि त्यातही वॉशिंग मशीनचा हिस्सा. १९९५ ची माझदा एमएक्स-५, १.८ लिटरची, ९०० पाउंडांना घेतली. दरवाज्याखालची पत्र्याची पट्टी गंजून बिस्किटासारखी झाली होती, म्हणून तेवढ्यात मिळाली. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, विशबोन (चाकं धरणारे दांडे), ब्रेक, स्टिअरिंग काढायचं आणि किटमधून आलेल्या नळ्यांच्या चासीवर बसवायचं. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, नाक आणि मडगार्ड फायबरचे. आकार लोटस सेव्हन या छोट्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातला.

हे खूळ ब्रिटनमध्येच का रुजलं, त्याला कारण कर. १९५७ साली सेव्हन आली तेव्हा तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. जोडणीच्या सूचना दिल्या तर किटलाही कर लागेल, म्हणून लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमनने गाडी ‘खोलायच्या’ सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या उलट्या वाचल्या, असं इथले जुने लोक रंगवून सांगतात. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती पळवाट बुजली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. हौस मात्र टिकली, आणि सरकारनेही तिच्यासाठी एक दार उघडं ठेवलंय: घरी बांधलेल्या एकट्या गाडीची तपासणी होते, पास झाली की नंबर मिळतो. पुण्यात राहून हे माझ्याच्याने झालं नसतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत फेरफार करू देत नाही, तिथे अख्खी चासी बदलायची गोष्ट कुठे काढता!

जुनी गाडी खोलायला दोन शनिवार-रविवार धरले होते, सात लागले. मागच्या खालच्या विशबोनचा बोल्ट आतल्या नळीला गंजून चिकटतो, ही या गाडीची जगजाहीर खोड. तेल सोडलं, तापवला, हातोडा घातला आणि शेवटी ग्राइंडरने कापला. चारपैकी तीन बोल्ट असेच गेले. तुम्ही या वाटेने जाणार असाल तर नवे बोल्ट आणि बुश आधीच मागवून ठेवा.

किटबद्दल तक्रार आहे. बोल्टांच्या पिशव्यांत मापं मिसळलेली, चार ब्रॅकेट कमी, आणि जोडणीची पुस्तिका म्हणजे कुणीतरी फोनवर काढलेल्या अंधुक फोटोंची चळत. फोन केला की माणूस गोड बोलायचा, पार्सल तीन आठवड्यांनी यायचं. पेट्रोलच्या टाकीचं रडगाणं पुढे येईलच.

पत्र्याचं काम मात्र देखणं झालं, आणि त्याचं श्रेय माझं नाही. बाबा त्या उन्हाळ्यात तीन महिने आले होते. त्यांची नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये, बसच्या बॉडीला पत्रा लावण्यात गेली. मी पहिला पत्रा चासीला टेकवून सरळ रिव्हेट गन उचलली, तेव्हा ते खुर्चीतून उठले. “अरे थांब. आधी सगळी भोकं पाड. मग पत्रा खाली काढ, भोकांच्या कडा साफ कर, मग सीलंट, मग रिव्हेट. घाई कुणासाठी चाललीय?” कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर, सुरुवात मधून आणि मग आलटून पालटून दोन्ही टोकांकडे, म्हणजे पत्रा फुगत नाही. ४.८ मिमीचे सहाशेच्या वर रिव्हेट आम्ही दोघांनी मारले. पॉप रिव्हेटला ते शेवटपर्यंत नाकं मुरडत होते. “आमच्याकडे आतून डॉलीचा ठोकळा धरायला दुसरा माणूस लागायचा, तुमचं एकट्याचं काम,” हे त्यांनी कौतुकाने म्हटलं की टोमणा मारला, कळलं नाही.

वायरिंगने तीन महिने खाल्ले. त्याबद्दल एवढंच: जुन्या वायरिंगमधून नको त्या तारा कापत बसण्यापेक्षा नवं करून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मग तपासणी. पहिल्या खेपेला नापास. मडगार्डच्या ब्रॅकेटची कड अणकुचीदार होती. १०० मिमीचा गोळा जिथे जिथे टेकतो तिथली प्रत्येक कड गोलसर लागते. ते अर्ध्या तासाचं काम. खरं कारण वेगळं होतं. वळणात स्टिअरिंग सोडल्यावर ते आपोआप सरळ यायला हवं, माझं आळशासारखं तिथेच राहायचं. पुढच्या चाकांवर वजनच उरलं नाही तर मूळ गाडीची भूमिती कामाची राहत नाही. कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, वाढवून घेतला, दुसऱ्या खेपेला पास. पावत्या आणि फोटो पहिल्या दिवसापासून जपा, नोंदणीच्या वेळी लागतात. पुरेसे मुख्य भाग एकाच जुन्या गाडीतले असल्याचं दाखवता आलं, म्हणून मला तिच्या वयाचा नंबर मिळाला, वय-ओळख पक्की नसलेल्या गाड्यांना देतात तो ‘क्यू’ नंबर टळला.

हे वजनाचं प्रकरण पुढे प्रत्येक ठिकाणी भेटत राहिलं. मूळ गाडी साधारण ९९० किलो, ही काट्यावर ६२० भरली. इंजिन तेच, १३० बीएचपीचं. टायरमध्ये आधी सवयीने २८ पीएसआय हवा भरली, तर गाडी ओल्या रस्त्यावर साबणावरून चालल्यासारखी. आता थंड असताना १८ ठेवतो. जुन्या स्प्रिंगांवर ती बैलगाडीसारखी आदळायची, त्या काढून मऊ घातल्या. ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) काढलाय, पहिल्या दिवशी पाय दाबला आणि वाटलं ब्रेकच नाहीत. आठवड्यात पोटरी शिकली, आणि आता ऑफिसची गाडी चालवताना मीच पुढच्या काचेवर आपटायच्या बेतात असतो.

ट्रॅकवर मात्र हेच वजन पैसे वसूल करतं. ब्लायटन पार्क ही जुनी धावपट्टी, चुकलात तरी गवतात जाता, म्हणून पहिला दिवस तिथे काढा. दिवसभर पिटाळली तरी मूळच्या ब्रेक डिस्क तापून ढिल्या पडल्या नाहीत. सात ट्रॅक डे झाले, टायरचा तोच जोड चालू आहे, आणि शेजारच्या पिटमधला जड जर्मन गाडीवाला दुपारीच टायर मोजत बसलेला असतो. वळणात मी त्याला गाठतो. सरळ रस्त्यावर ताशी ९० मैलांच्या पुढे माझी गाडी हवेला विटेसारखी भिडते आणि तो निघून जातो.

मॅलरी पार्कला जेरार्ड्स नावाचं लांबलचक उजवं वळण आहे. तिथे टाकी पाव झाली की इंजिन खोकतं. टाकीत आडव्या पट्ट्याच नाहीत, त्यामुळे सगळं पेट्रोल डावीकडे धावतं आणि पंपाचं तोंड उजवीकडे कोरडं पडतं. त्यावर उपाय म्हणून अर्ध्या टाकीच्या खाली ट्रॅकवर जात नाही, म्हणजे वाचवलेल्या वजनातलं थोडं परत लादून फिरतो.

रस्त्यावर? एप्रिल ते सप्टेंबर, कोरड्या दिवशी, गावाबाहेरच्या वळणांवर मजा येते. मोटरवेवर ट्रकच्या चाकाचा आस कानाशी येतो, आणि ४० मैलांनंतर आवाजाने डोकं धरतं. वेगरोधकावर इंजिनखालचं तेलाचं भांडं घासतं. छप्पर नाही. बायको एकदाच बसली, स्टोनलीच्या किट कार प्रदर्शनापर्यंत, अवघे काही मैल. उतरल्यावर केसांतून हात फिरवत म्हणाली, “छान आहे. तू जात जा.”

देखभाल सोपी, पण रोजची. प्रत्येक बोल्ट आवळल्यावर त्यावर रंगाची रेघ ओढलीय, ट्रॅकवरून आलो की टॉर्च घेऊन रेघा बघतो. पहिल्या हजार मैलांत अकरा हलल्या होत्या, गेल्या खेपेला एक. इंजिनच्या हेडमागच्या कॅम सेन्सरची रबरी रिंग तेल गाळत होती, काही पेन्सांचं काम, पण हात घालायला जागा नाही. विमा खास कंपन्यांकडून ठरलेल्या किमतीचा घेतला, ट्रॅकचा दिवस त्यात धरलेला नाही.

एकूण खर्च ९,७०० पाउंड, अवजारं सोडून. अवजारांचा आकडा घरात सांगितलेला नाही. नुसती चालवायचीच असेल तर दुसऱ्याने बांधलेली घ्या, स्वस्त पडते. फक्त खाली वाकून रिव्हेट सरळ रांगेत आहेत का ते बघा, बाकीच्या कामाचा अंदाज तेवढ्यात येतो.

सध्या गाडी स्टँडवर आहे. टाकी काढून वेल्डरकडे दिलीय, आत तीन पट्ट्या घालायला. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाले, “पट्ट्यांना खाली कोपऱ्यात भोकं ठेवायला सांग त्याला, नाहीतर पेट्रोल अडकून बसेल.” वेल्डरला लगेच फोन केला. त्याने दोन आधीच बंद करून टाकल्या होत्या.