33 तासांचा भ्रूण उलटा बसवलेला : स्लाइडच्या खोक्याबद्दल

सदाशिव पेठेतल्या एका सायंटिफिक स्टोअरमधून गेल्या महिन्यात 25 स्लाइडचा लाकडी खोका घेतला. बी.एस्सी. झूलॉजीची आठ मुलं घरी शिकायला येतात, त्यांच्यासाठी. रंग उत्तम चढलाय. कांद्याच्या मुळाच्या स्लाइडमध्ये पेशीविभाजनाच्या चारही अवस्था लगेच सापडतात.

माझा जीव मात्र कोंबडीच्या भ्रूणांवर. अंडं उबवायला ठेवल्यापासून 33 तासांना हृदयाची नळी उजवीकडे फुगू लागते. डावं-उजवं सारखं दिसणाऱ्या देहातला सहज नजरेत भरणारा हा पहिला मोठा फरक. तो दाखवायच्या आधी मी मुद्दाम कांद्याची स्लाइड लावते, कारण विभाजनात गुणसूत्रं ओढणारे तर्कुतंतू ट्युब्युलिन या प्रथिनाचे बनतात. 2012 साली बेडकांवर झालेल्या प्रयोगात या प्रथिनाच्या बिघडलेल्या जनुकाचा आरएनए (जनुकाची नक्कल) फलनानंतर लगेच अंड्यात सोडला, तर काही टॅडपोलांमध्ये हृदय, जठर, पित्ताशय यांच्या जागा बदलल्या. हृदय बनायला कितीतरी अवकाश असताना! हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

तर 33 तासांची स्लाइड लावली, आणि फुगवटा डावीकडे. एक मुलगी म्हणाली, "मॅम, मायक्रोस्कोपमुळे उलटं दिसत असेल." पण मायक्रोस्कोप चित्र फक्त अर्धा फेरा फिरवतो. स्लाइड फिरवून डोकं वर आणलं तरी फुगवटा डावीकडेच. मग फाइन फोकसने हळूहळू खाली गेलो : आधी हृदय दिसलं, त्याच्या खाली न्यूरल ट्यूब, म्हणजे मेंदू-मज्जारज्जू बनवणारी पाठीकडची नळी. पाठीकडून पाहताना क्रम नेमका याच्या उलट हवा. म्हणजे भ्रूणाचे अवयव जागच्या जागी होते, तो पोट वर करून बसवला होता. लेबलवर फक्त "33 तास", बाजूचा उल्लेख नाही. ज्या स्लाइडवरून डावं-उजवं शिकायचं, तिच्यावर हे नसणं मला फार खटकलं.

दुकानात नेली. काउंटरवरच्या काकांनी स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहिलं, "बरोबर आहे मॅडम," म्हणाले आणि चौथ्या दिवशी बदलून दिली. 48 तासांच्या स्लाइडमध्ये कव्हरस्लिपखाली एक बुडबुडा आहे, पण तो कडेला, चालतो. पाचपैकी चार तारे. घेणार असाल तर भ्रूणांच्या चारही स्लाइड तिथेच लावून बघा, ते नाही म्हणत नाहीत. दुपारी गेलात तर गर्दीही नसते.