लेथचे पैसे घेतले, हेड ग्राइंडरने घासलं

पॉवर वीडर, फवारणी पंप किंवा छोट्या जनरेटरच्या इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) कुणाकडे फेसिंगला, म्हणजे त्याचं तोंड मशीनवर सपाट करायला देणार असाल, तर आधी हे वाचा.

माझ्या वीडरला होंडाचं जीएक्स१६० इंजिन आहे, १६३ सीसी. हवेवर थंड होणारं असल्यामुळे फिन्समध्ये (बाहेरच्या पात्यांमध्ये) माती-काडीकचरा बसला की तापतं, अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि हेड-सिलिंडरमधलं पॅकिंग फुटतं. तसंच झालं. ताकद गेली, एअर फिल्टरमध्ये ऑइल यायला लागलं. तालुक्याच्या एका मेकॅनिकने हेड खोललं आणि म्हणाला, "वाकलंय, लेथवर घ्यावं लागेल." निदान बरोबर होतं, म्हणून तर संशय आला नाही. फेसिंग, नवीन पॅकिंग, मजुरी धरून २,२०० रुपये घेतले.

उसात थोडं चाललं न चाललं तोच पुन्हा फुसफुस सुरू. या वेळी घरीच खोललं. मशीनवर घेतलेल्या तोंडावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारख्या रेघा दिसतात. इथे उलटसुलट अर्धगोल ओरखडे, कडा गोलसर झालेल्या आणि पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांच्या) बाजूचा जुना काळा डाग जसाच्या तसा. हँड ग्राइंडरला चकती लावून नुसतं चमकवलं होतं. पॅकिंग तर जुनंच! कडं दाबून सपाट झालेलं, वरून चंदेरी स्प्रे. नखाने खरवडलं तर खाली काजळी.

जाड काचेवर हेड पालथं ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला. ०.१५ मिमीची पट्टी आरामात आत गेली. या इंजिनाला ०.१० ही शेवटची मर्यादा आहे.

मग त्याच काचेवर ३२० नंबरचा वॉटर पेपर चिकटवला, रॉकेल ओतलं आणि हेड आठच्या आकड्यात फिरवलं. डॉवेल पिना (हेड जागेवर बसवणाऱ्या छोट्या नळ्या) हेडमध्ये अडकून आल्या असतील तर आधी काढायच्या. दाब मधोमध द्यायचा, एका कडेला नाही. तोंडावर मार्करने जाळी काढून ठेवली की खोलगट जागा लगेच कळते, कारण तिथली शाई शेवटपर्यंत जात नाही. सगळी शाई गेली की थांबायचं, जास्त घासलं तर कॉम्प्रेशन वाढतं. धुण्यात मात्र कंजूषी नको, पेपरची रेती सिलिंडरमध्ये गेली तर रिंगा खाते. नवीन पॅकिंग टाकून बोल्ट तिरके-तिरके, टप्प्याटप्प्याने २४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळले.

बाहेर द्यायचंच असेल तर ही मार्करची जाळी काढून फोटो घ्या, जुनं पॅकिंग मागून घ्या आणि परत घेताना तिथेच काचेवर ठेवून फिलर लावा. खरं काम करणारा याला कधी नाही म्हणत नाही.

मेकॅनिककडे लेथवाल्याचं बिल मागितलं, तर म्हणे, "तो बिल देत नाही." लेथवाला कोण, हेही सांगेना. स्प्रे मारलेलं पॅकिंग समोर ठेवल्यावर पॅकिंगचे पैसे गुपचूप परत दिले. फेसिंगचे अजून यायचेत.